अकरावा उपसा

कसालच्या अलीकडे, हायवेला लागून सात घरांची वाडी आहे. तिथला परशुराम. पंचक्रोशीत विहीर उपसायची म्हटली की हे एकच नाव. पावसाआधी गाळ काढायचा, चिरे घासायचे, जमिनीच्या राखणदाराला, जागेवाल्याला, नारळ द्यायचा आणि नव्या पाण्याची पहिली ओंजळ स्वतः प्यायची, तीस-पस्तीस वर्षं हेच. माणूस तसा फटकळ. विहिरीच्या काठावर कुणी चपला घालून चढला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला. बायको विमला म्हणायची, "माझ्यापेक्षा तुमचो जीव बावीर जास्त."

वाडीची विहीर, आमच्या बोलीत बाव, तर त्याच्या बापाने जांभा फोडून खणलेली. मार्चमध्ये तिच्या पाण्याला वास यायला लागला. भाताला वास, चहाला वास. मग आतले मासे उताणे पडले.

"घाण साचली आसा," परशुराम म्हणाला. "उपासली काय बाव बरी होतली."

उपसली. दोन दिवस बरं गेलं, तिसऱ्या दिवशी वास दुप्पट. पुन्हा उपसली. आमच्याकडे विहीर बिघडली की उपसायची, हे पोरासोरांनाही ठाऊक, आणि परशुराम तर एक नंबरचा हट्टी. पंप लावून तळ दिसेपर्यंत पाणी खालच्या व्हाळात, ओढ्यात, सोडायचं, मग दोरीने उतरायचं. एकदा आत भोवळ आली, वाचला कसाबसा. तरी ऐकेल तर शपथ!

सातव्या उपशानंतर वास रॉकेलसारखा यायला लागला, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली की कुणीतरी मुद्दाम विहिरीत रॉकेल ओतलंय. संशय कुणावर घ्यायचा? म्हणून देवावर सोपवलं. गाऱ्हाणं घातलं परशुरामानेच, काठावर नारळ ठेवून, खणखणीत आवाजात.

"बा जागेवाल्या म्हाराजा! जेना कोणी ही बाव नासवल्यान, तेचे हात झडान पडांदेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून सातही घरं एका सुरात ओरडली.

त्यानंतर आणखी चार उपसे झाले. परशुरामाच्या तळहातांची साल निघायला लागली. विमला रोज खोबरेल चोळायची.

शेवटी ग्रामपंचायतीने प्रदूषण मंडळाकडे अर्ज केला आणि कोल्हापूरहून नम्रता नावाची तरुण इंजिनीयर आली. तिने जमिनीत पाच ठिकाणी बारीक भोकं पाडून पाणी वर काढलं. पाण्यावर बोटभर पेट्रोल तरंगत होतं. हायवेवरच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गंजून फुटली होती, देव जाणे किती वर्षांपासून. पंपवाल्याने टाकी बदलली आणि धंदा पुन्हा सुरू केला. त्याच्या बापाचं काय गेलं!

परशुरामाला उलट हायसं वाटलं. आपल्यातल्या कुणी केलं नव्हतं तर.

"काका, विहीर किती वेळा उपसली?" नम्रताने विचारलं.

"अकरा वेळा, मॅडम. तळ दिसेपर्यंत." छाती फुगवून सांगितलं त्याने.

तिचं पेन थांबलं. पोरगी भली होती, सांगायला तिचीच जीभ रेटेना.

"काका, पेट्रोल तिकडे पंपाखाली साठलेलं होतं. विहीर रिकामी केली की चारी बाजूंचं पाणी तिच्याकडे धावतं. त्याच्याबरोबर हेही ओढलं गेलं. थोडंफार आलंच असतं. पण एवढं नाही."

"आणि व्हाळात सोडलेलं पाणी?"

तिने खालच्या बागांकडे पाहिलं. "तिथल्या दोन विहिरींतही सापडलंय."

"साफ कधी होणार?"

"वरचं पेट्रोल काढू, माती उचलू, जमिनीत हवा सोडू. दहा वर्षं तरी धरा. कदाचित पूर्ण होणारही नाही."

दहा वर्षं! परशुराम त्रेसष्टचा.

त्याने घरी अवाक्षर काढलं नाही. वाडी टँकरच्या रांगेत उभी राहून पंपवाल्याला शिव्या घालायची, हा मान खाली घालून कॅन भरायचा. एका रात्री जेवताना विमला म्हणाली, "आपण गाऱ्हाणा घातलेला आसा. जेना केल्यान तेका देव बघतलो." ताटावरून उठला तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे टँकरवर गेलेले पाहून तो नारळ घेऊन विहिरीवर गेला.

"बा म्हाराजा, एकदा घातलेला गाऱ्हाणा परत घेवक येणा नाय, माका ठावक आसा. ते हात माझेच होते. घेतलंस तर घे. पण ह्या सात घरांचा पाणी..."

पोरगी दहा वर्षं म्हणाली होती. देवाकडे तरी कुठल्या तोंडाने मागायचं? गाऱ्हाण्याला मागून होकार द्यायला माणसं लागतात. मागे कुणीच नव्हतं.

"व्हय म्हाराजा," तो स्वतःच पुटपुटला आणि त्याने नारळ फोडला. पाणी हातांवर सांडलं, सोललेल्या कातडीला झोंबलं. हात धुवायला म्हणून त्याने सवयीने कळशी विहिरीत सोडली, आणि अर्ध्यावर, हाही उपसाच हे ध्यानात येऊन, दोरी घट्ट धरून तो तसाच उभा राहिला.