चोवीस नंबरचा काटा

काट्यावर इतके निर्मळ प्रेम करणारा गृहस्थ वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे विधान मी तहसील कचेरीसमोर उभी हयात लोकांचे अर्ज लिहिल्याच्या अधिकाराने करीत आहे. सदर गृहस्थ म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे सासरे. आंजीच्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. गावातील दोन पिढ्यांना त्यांनी सुया टोचल्या आणि निवृत्त होताच अंगणात निवडुंग लावले. फुटक्या बादल्या, तेलाचे पिपे, कान तुटलेले कप, जिथे माती मावेल तिथे निवडुंग. पाहुण्याला पाणी मिळण्याआधी हातात भिंग मिळत असे. एक निवडुंग खरबुजासारखा फाकाफाकांचा, एक पेटीच्या भात्यासारखा, एक पांढऱ्या केसांत पार बुडालेला. काट्यांना ते इंजेक्शनच्या सुयांचे नंबर देत. "घाबरून काऊन राह्यले? हा बावीस नंबर, जाडा. हा सोनेरी चोवीस. अन् या लालाचं टोक पाहा, गळावानी वाकलं हाय!" फड्या निवडुंगाच्या केसाएवढ्या कुसळांपुढे मात्र ते हात जोडीत. "याले नंबरच नाई. हा दिसत नाई, नुसता समजते."

पुढे नात रांगू लागली आणि मेहुणीने बजावले, "मामाजी, एक तर पोरगी अंगणात राहीन, नाई तर तुमचे काटे." सुनेशी वाद घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते थेट माझ्या टेबलाशी आले आणि अर्जदाराच्या बाकावर बसले. मी रीतसर मजकूर केला. विषय : अंगणातील निवडुंग न काढणेबाबत. 'सबब मेहेरबान सूनबाईंनी सहानुभूतिपूर्वक विचार करावा' हे वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि डोळे पुसले. अर्ज घरातल्या घरात सादर झाला. मेहुणीने भाजी चिरता चिरता तो वाचला, पदर तोंडाला लावून हसली आणि खाली शेरा मारला : 'कुंड्या गच्चीवर न्याव्यात. मी हात लावणार नाही.' माझ्या आजवरच्या अर्जांत इतका तातडीचा निकाल दुसरा नाही.

यंदा ते गेले. भेटीला गेलो तेव्हा अंगण मोकळे होते, म्हणून मी गच्चीवर गेलो. सगळे निवडुंग जागेवर होते, माती ओली होती. खरबुजावर हात ठेवण्याचा मोह झाला आणि अंगठ्यात काटा मोडला. मेहुणी सासऱ्यांचा चिमटा घेऊन वर आली.

"तू तर हात लावणार नव्हतीस," मी म्हणालो.

"मागच्या वर्षापासून त्यायचे गुडघे चढू देत नव्हते. मंग रोज एक कुंडी खाली नेत होती मी, दाखवाले." तिने माझा अंगठा उन्हाकडे वळवला. "हालू नका, भाऊजी. चोवीस नंबर हाय."