पदराखालचा चेहरा

दिगू गेल्याचं त्याच्या बायकोने, रेखाने, मला फोनवर सांगितलं तेव्हा मी एका लग्नपत्रिकेतली नावं दुरुस्त करत होते. समोर नवरीचा मामा बसला होता, एका मावशीचं नाव राहिलं म्हणून हटून बसलेला. "ताई, ह्यायनं सोडलं आमाले," रेखा एवढंच म्हणाली... मी "बरं" म्हटलं. खरंच "बरं" म्हटलं. मावशीचं नाव टाकलं, पत्रिका छापायला लावली, आणि मामा गेल्यावर शटर अर्धं ओढून खाली फरशीवर बसले. कावीळ त्याला तीन आठवड्यांपासून होती. सरकारी दवाखान्यात मी दोनदा जाऊन आले होते. दुसऱ्या खेपेला तो डोळे मिटून पडला होता. मला त्याला काही सांगायचं होतं, आणि तो झोपलाय हे पाहून मला सुटल्यासारखं वाटलं. मी पाच मिनिटं उभी राहिले आणि परत आले. आज दीड महिना झाला त्याला, आणि ती पाच मिनिटं आठवली की माझीच मला किळस येते.

आदिलाबादच्या भाजीबाजारामागच्या गल्लीत माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून दिगंबरचा फोटो स्टुडिओ. बारा वर्षांचा शेजार. वयाने तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला दिगू म्हणायची आणि तो मला सुनंदाताई. पासपोर्ट फोटो सगळेच काढतात, पण दिगूचं नाव होतं ते तेरवीच्या फोटोंसाठी, म्हणजे तेराव्याला हार घालायच्या. पैनगंगेकडच्या गावांतून लोक यायचे. घरातलं माणूस गेलेलं, आणि त्याचा धड एक फोटो नाही. कुणाच्या लग्नाच्या घोळक्यातला अर्धा चेहरा, नाहीतर आधार कार्डावरचा धुरकट ठिपका. त्यातून दिगू माणूस उभं करायचा. फाटका सदरा काढून कोट चढवायचा, हनुवटी सरळ करायचा, आणि फोटोत डोळे मिटले असतील तर ते उघडायचा. हे त्याचं खरं कसब. तरुणपणी दोन वर्षं तो निर्मलला लाकडी खेळणी रंगवायला होता, तिथे त्याला शिकवलं होतं की डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. घरच्यांना दहा प्रश्न विचारून मगच तो डोळ्याला हात लावायचा. म्हातारी रागीट होती का, हसताना डोळा बारीक व्हायचा का... लोक फोटो पाहून तिथेच रडायचे. तेलुगू गिऱ्हाईकसुद्धा त्याच्याकडेच यायचं, रडायला भाषा लागत नाही म्हणायचा तो.

असा हा माणूस, कोंबडी कापताना दिसली तर गल्ली बदलून जाणारा. आणि रक्ताची हौस मला. लोकांना हे उलटं वाटतं, पण आमच्या जोडीत भयंकर बाई मीच होते. नवरा शाळेत मास्तर, मुलगी हैदराबादला, आणि मी दिवसभर इतरांच्या लग्नांच्या तारखा टाइप करत डोक्यात जग बुडवायची. एक गोष्ट मी लिहून काढली. सगळं संपलंय, वीज नाही, नदीत पाणी नाही, शेतात फक्त कपाशीच्या काळ्या पऱ्हाट्या उभ्या आहेत, आणि जगलेली माणसं अजूनही सवयीने आठवडी बाजाराला येतात. विकायला मात्र आता माणसांशिवाय काही उरलेलं नाही. दिगूने ती एका बैठकीत वाचली आणि म्हणाला, "ताई, तुमी जेवता तरी कशा?" पण आठ दिवसांनी त्याने पहिली चार पानं काढून आणली. ती आमची चित्रमालिका, 'उरलेल्यांचा बाजार'. आधी मोबाइलवर भाग टाकले, मग नागपूरच्या एका छोट्या प्रकाशकाने पुस्तकं काढायला घेतली. गोष्ट माझी, चित्रं त्याची, आणि शेवटची फाइल तयार करून छापायला पाठवणं माझ्याकडे.

भांडणं व्हायची ती रक्तावरून. मला प्रत्येक अंकात एक पान असं हवं असायचं की वाचणाऱ्याच्या हातून पुस्तक पडलं पाहिजे. माझं म्हणणं होतं की जगाचा शेवट सभ्यपणे दाखवणं हाच खोटेपणा. आतडी दिसलीच पाहिजेत, नाहीतर लोक चहा पीत पीत पान उलटतात. दिगू आतडी काढायचा. मान वाकडी करून, तोंड कडू करून, पण काढायचा. फक्त त्याचा एक नेम होता. कापलेल्या माणसाला तो चेहरा देत नसे. पाठ असायची, नाहीतर तोंडावर गोणपाट, केस, पदर. मी किती डोकं फोडलं. "अरे, चेहराच नाही तर धक्का कसला? ते मटण झालं नुसतं." तो म्हणायचा, "मटणच राहू द्या ताई. चेहरा आला का तो कोणाचा तरी होते." मी त्याला भित्रा म्हणायची. तो हसायचा आणि चहा मागवायचा. मला तेव्हा वाटायचं, हा बिचारा साधा माणूस, ह्याला कलेतलं काही कळत नाही.

पाचव्या अंकात एक पूर्ण पानाचं चित्र होतं. बाजाराच्या मधोमध मोठा तराजू, आणि त्याच्या आकड्याला टांगलेली, पोट फाडलेली एक म्हातारी. पदर तोंडावरून खाली आलेला. संगणकावर असं चित्र थराथरांत असतं, एकावर एक काचा ठेवाव्यात तसं. वरचा थर बंद केला की खालचं दिसतं. दिगूला झाकलेला चेहराही आधी पूर्ण काढायची सवय होती, खाली नाक-कपाळ असल्याशिवाय वरचा पदर नीट पडत नाही म्हणायचा. फाइल माझ्याकडे देऊन तो रेखाच्या माहेरी लग्नाला गेला. मी एका दुपारी पानं तपासत होते आणि सहज तो पदराचा थर बंद केला... आणि खुर्चीतच मागे सरकले. पदराखाली एक जिवंत चेहरा होता. हनुवटीवर तीळ, उजवी भुवई जराशी उडालेली, आणि डोळे उघडे, सरळ माझ्याकडे पाहणारे. असं पान मी आजवर पाहिलं नव्हतं. मी तो थर बंदच ठेवला आणि फाइल नागपूरला पाठवून दिली. मला वाटलं, छापून आल्यावर त्यालाही आवडेल.

अंक आला, आणि लोकांनी त्या पानाचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. रात्रभर झोप आली नाही, असं कुणी लिहिलं की मी खूश. दिगू पुस्तक हातात घेऊन माझ्या दुकानात आला. ते पान उघडून काउंटरवर ठेवलं. "ताई, पदर?" मी म्हटलं, "छापताना गेला असेल रे. फाइल उघडताना होतं तसं." त्याने पान एकदा बोटाने चाचपलं. मग "असंन," म्हणाला आणि पुस्तक मिटून निघून गेला.

महिन्याभराने गंगारामकाका नावाचे एक शेतकरी आले. सरहद्दीवरच्या एका गावात त्यांची कपाशी आणि ज्वारी. मी दिगूच्याच स्टुडिओत बसले होते. त्यांनी खांद्यावरच्या दस्तीत गुंडाळलेली एक फ्रेम काउंटरवर ठेवली, दस्ती सोडली, आणि मी पाहिलं... तो तीळ, ती भुवई, ते डोळे. त्यांची आई. चार वर्षांपूर्वी दिगूनेच केलेला तेरवीचा फोटो. दिगूला मनाने चेहरा रचता येत नसे, ज्याचे डोळे त्याने एकदा उघडले ते त्याच्या हातात बसून राहत, आणि कुणी पाहणारच नाही म्हणून पदराखाली त्याने हातात असलेला चेहरा काढला होता. काकांच्या किनवटला शिकणाऱ्या पुतणीने पुस्तक घरी नेलं होतं.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "एकच फोटो व्हता बुढीचा. त्यात डोळे मिटले व्हते. तू उघडले. रोज सकाळी मी त्या डोळ्याकडे पाहून हात जोडतो. आता हात जोडतो तं मले तिचं पोट दिसते." मग विचारलं, "काऊन केलं बापू असं? तिनं काय केलं व्हतं तुमचं?"

मी तिथेच होते, दोन हातांवर. दिगूने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "चुकलं काका," तो म्हणाला. "चेहरा मीच काढला."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच मला गप्प बसणं सोपं गेलं. काकांनी दस्ती खांद्यावर टाकली. "आता हे आमची माय नाही राह्यली. तुमच्या बाजारातली बाई हाय. तुमीच ठेवा." फ्रेम तिथेच सोडून ते गेले.

बातमी गावोगावी फिरायला वेळ लागला नाही. तरी काही लोक येत राहिले, दूरचे, ज्यांना माहीत नव्हतं. त्यांना दिगूच परत पाठवायचा. "हात चालून नाही राह्यला," म्हणायचा. पासपोर्ट फोटो काढायचा, झेरॉक्स काढून द्यायचा, बस. ती फ्रेम त्याने स्टुडिओच्या भिंतीवर लावली आणि रोज सकाळी झेंडूचं एक फूल तिच्यावर ठेवायला लागला. मी सहावा अंक लिहून त्याच्याकडे दिला, निर्लज्जपणाच म्हणायचा. कागद तसाच त्याच्या टेबलावर पिवळा पडला. पावणेदोन वर्षं आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो आणि त्या पानाबद्दल एक शब्द बोललो नाही. तो विचारील म्हणून मी घाबरायची, आणि तो विचारत नाही म्हणून मला त्याचा राग यायचा. एकदा तरी त्याने मला शिव्या द्यायच्या होत्या. तो माणूस माझ्यासमोर महिन्यामहिन्याने बारीक होत गेला, आणि कावीळ नंतर आली. डॉक्टर यकृताचं म्हणाले. ते खरंच असेल, पण मला ते ऐकून काही उपयोग झाला नाही.

त्याच्या तेरवीनंतर रेखाने स्टुडिओ रिकामा करायला काढला. ती फ्रेम मी मागून घेतली आणि बसने गंगारामकाकांच्या गावी गेले. काका ओसरीत कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, निवडत बसले होते. मी सांगून टाकलं. पदर होता, मी काढला, त्याने झाकून दिला होता, कुणाचा चेहरा ते मला माहीत नव्हतं. ते ऐकत होते आणि बोटं कापसात चालूच होती. मग थांबली.

"तुमी तवा तिथंच बसल्या व्हत्या," ते म्हणाले.

"हो."

"त्याले माहीत व्हतं, तुमी केलं म्हणून?"

"हो."

"अन् तुमी बोलल्या नाही." त्यांनी कवडी बाजूला टाकली. "तवा बोलल्या असत्या बाई, तं फोटो मी वापस नेला असता. त्याच्या हाताचा व्हता तो."

मी फ्रेम पुढे केली. त्यांनी हात लावला नाही. आत भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक लहानसा, धुरकट फोटो लावला होता, मूळचा, ज्यातून दिगूने सगळं उभं केलं होतं. म्हातारी डोळे मिटून बसलेली. "हाच बरा हाय आता," काका म्हणाले. "काही पाहत नाही ते." काकूंनी चहा आणला. तो मी प्यायले, कारण नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही, आणि फ्रेम घेऊन परत आले.

आता ती माझ्या दुकानात आहे, कपाटात, भिंतीकडे तोंड करून. रोज फूल ठेवण्याचा अधिकार मला नाही. काल मी दुकानात एकटीच असताना पाचव्या अंकाची ती जुनी फाइल उघडली आणि पदराचा थर पहिल्यांदा नीट पाहिला. हिरवं लुगडं, काठावर बारीक रुईफुलं, एकेक फूल वेगळं काढलेलं. नाकाच्या उंचवट्यावर कापड किंचित ताणलेलं, हनुवटीखाली सैल, आणि खाली तो पदर इतका लांब आणलेला की फाडलेलं पोटही जवळजवळ झाकलं जावं. त्या चेहऱ्यासाठी त्याला तासभर लागला असेल, ह्या पदरासाठी आठवडा. धक्का देणारं पान मी निवडलं आणि त्यातलं एकच खरं चित्र फेकून दिलं. पुस्तकं घराघरांत गेली आहेत. आता मी कितीही वेळा तो थर चालू केला तरी त्या बाईच्या अंगावर काही येणार नाही, आणि दिगूच्याही.

संगणकावर प्रत्येक थराला नाव देता येतं. दिगूचे थर नेहमी आकड्यांचे, एक, दोन, तीन. ह्या एकाच थराला त्याने अक्षरं टाकली होती, माझ्यासाठी... 'ताई हा काढू नोका'. गंगारामकाकांना मी सगळं सांगितलं, एवढं सोडून. ती ओळ मी त्या दुपारीही वाचली होती.