दिलेलं फूल देवाले चालत नाही

किस्से आणि झाडांवरची मिलीबग कीड, दोन्ही एकदा अंगणात शिरले की वाढतच जातात. माझ्याकडे दोन्ही भरपूर आहेत. मी रिटायर्ड एस.टी. कंडक्टर, मुक्काम शिरपूर जैन. बायको गेली, मुलगा पुण्यात. जन्मभर लोकांवर "पुढे सरका हो, पुढे सरका!" म्हणून खेकसलो. आता घरात खेकसायलाही कोणी नाही.

म्हणून जास्वंदी लावल्या. झुडपं नाही हं, झाडं! एकच खोड ठेवायचं, काठीला बांधायचं, बाजूचे फुटवे काढत जायचे. छातीइतकं झालं की शेंडा खुडायचा, मग वर छान गोल डोकं धरतं. याला वेळ फार लागतो. तो माझ्याकडे पडूनच आहे.

*

शेजारच्या सुशीलाबाईंना हा प्रकार मुळीच पटला नाही.

"काहून हो कंडक्टर, चांगले फुटवे तोडून राह्यले?"

"झाड उंच करायचंय."

"अन् मी गणपतीले फूल कशी तोडू? शिडी लावू?"

दुसऱ्या दिवशी बाई प्लास्टिकचा स्टूल घेऊन आल्या, त्यावर चढून फुलं तोडली आणि स्टूल इथंच ठेवून गेल्या. "रोज कोण उचलून आणते!" वर मलाच बजावलं, "स्टूल कोणाले देऊ नोका!"

*

आमचे गुरुजी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले, शिस्तीचे. पहाटे फाटक हळूच उघडायचे, फुलं तोडायचे, चप्पल न वाजवता पसार! एकदा मी ओंजळभर फुलं तोडून त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, चोरून कशाला? हक्कानं न्या.

गुरुजी भडकले. "तुमी देल्लं तं पुण्य तुमचं! मी चोरलं तं माहं! दिलेलं फूल माह्या देवाले चालत नाही!"

तेव्हापासून ते आले की मी दाराआड बसून राहायचो. खोकला आला तरी दाबायचा. बोलणं नाही, चालणं नाही, पण फाटकाची कडी वाजली की बरं वाटायचं. माझ्या घरात तेवढाच आवाज होता.

*

मुलाचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "बाबा, झाडं दाखवा." मी मोबाइल फिरवला आणि सगळं समजावून सांगत बसलो. फुटवे कसे काढायचे, खत कधी घालायचं, सगळं! बऱ्याच वेळानं लक्षात आलं, नेटवर्क केव्हाच गेलंय.

तरी जेवढं राहिलं होतं, तेवढं सांगून टाकलं. एकटा माणूस असा वेडा होतो बघा.

मुलगा परत परत एकच म्हणायचा, "तिथे कोण आहे तुमचं? पुण्याला या." मी म्हणायचो, सकाळी माणसं येतात रे फुलांना. ती यायची थांबली की येतो.

*

पुढं झाडांवर मिलीबग आला. पांढरा कापूस पिंजून टाकावा तसा. गजानन म्हणजे गल्लीतला सोयाबीनवाला, मनाचा भोळा. "काका, टेन्शन नोका घेऊ!" म्हणत शेतातला फवारणीचा पंप पाठीवर टाकून आला आणि झाडं नखशिखांत भिजवली.

आठवड्यात पानं आखडली, कळ्या गळल्या. तेव्हा त्याला आठवलं, त्याच पंपानं आधी तणनाशक मारलं होतं!

"गजा, पंप धुतला होता ना?"

"धुतला ना काका! बाहेरून चकाचक!"

हसावं की रडावं? झाडं वाचवायची तर सगळी डोकी छाटावी लागली. अंगणात नुसते दांडे उभे राहिले. नवी फूट येऊन फुलं लागायला काही महिने जाणार होते.

*

फुलं नाहीत म्हटल्यावर कोण येतं? सुशीलाबाई स्टँडवरच्या फुलवाल्याकडून पुडी आणू लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं, देव थोडाच उपाशी ठेवणार! सकाळ अशी सुनसान जायची की मीच जाऊन फाटकाची कडी वाजवून बघायचो. शेवटी मुलाला फोन केला, "ये न्यायला." तो म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो. मी बॅग भरून पायरीवर आणून ठेवली. रविवारला अवकाश होता, पण बाकी काही करायलाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅगेशेजारी बसलो होतो. फाटक उघडलं. गुरुजी! हातात परडी. चप्पल फटफट वाजवत थेट पायरीपर्यंत आले.

"गुरुजी, एकही फूल नाही हो."

"मले दिसते."

त्यांनी बॅग उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी बसले. मी आत जाऊन चहा ठेवला. दोघांनी प्यायला. गुरुजींनी कपबशी खाली ठेवली, रिकामी परडी उचलली आणि फाटकाशी जाऊन मागे वळले.

"उद्या साखर कमी टाकजा!"