हॅनाचं कार्ड

सुवर्णाला मी दर मंगळवारी गाडीने सोडायचे आणि दर मंगळवारी चिडायचे. सत्त्याण्णव साली अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटात गाडीशिवाय पान हलत नव्हतं, आणि ही बाई ड्रायव्हिंग शिकायचं नाव काढत नव्हती. नागपूरच्या कॉलेजात अकरा वर्षं लायब्ररियन होती. इथे डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे पगाराचं काम करायला बंदी. म्हणून गावच्या इतिहास मंडळात फुकट राबत होती.

काम काय, तर इथल्या एका कापूसमळ्याच्या मालकिणीने यादवी युद्धात लिहिलेल्या डायऱ्या छापायच्या होत्या, त्यांची नामसूची करायची, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पानांवर येतं त्याची शेवटी द्यायची यादी. दोन वर्षं सुवर्णा एकेका नावाचं कार्ड करत बसली. पुस्तकाच्या सुरुवातीला तिचं नाव छापणार होते. "रेणू, इथे येऊन तीन वर्षं काय केलं हे दाखवायला माझ्याकडे तेवढंच आहे गं," ती म्हणायची.

प्रुफं आली तेव्हा मीही सोबत होते. मळ्यावरची गुलाम स्वयंपाकीण हॅना त्या डायऱ्यांत त्रेचाळीस पानांवर येते. सैन्य आलं तेव्हा धान्य तिने पुरलं, मालकिणीचं तापाने फणफणलेलं पोर तिने जगवलं. सुवर्णाने तिचं कार्ड केलं होतं, पण छापील सूचीत हॅना गायब. मालकिणीचा घोडा ड्यूक मात्र होता, अकरा पानांच्या आकड्यांसकट.

सुवर्णाने मंडळाच्या मिसेस हॉलंडना विचारलं. त्या गोड हसल्या. म्हणाल्या, गुलामांना आडनावं नव्हती, म्हणून सगळ्यांना 'नोकर' या एका नोंदीत घातलंय.

"घोड्याला आडनाव होतं का?" सुवर्णाने विचारलं. मिसेस हॉलंड म्हणाल्या, बघते.

गाडीत बसल्यावर सुवर्णा म्हणाली, "माझ्या पणजीचं असंच आहे. गावच्या दप्तरात नावाच्या जागी नुसती जात." मी गाडी सुरू केली.

पुढच्या मंगळवारी मिसेस हॉलंड खुशीत होत्या. "तुझं अगदी बरोबर होतं, सुवर्णा. आम्ही घोडा काढून टाकला."

सुवर्णाने पर्स खांद्याला लावली. "मग माझंही नाव काढा," ती शांतपणे म्हणाली.

परतताना मी तिला वाट्टेल ते बोलले. दोन वर्षांच्या मेहनतीवर स्वतःच्या हाताने पाणी ओतलंस, आता कुठे काय दाखवणार आहेस?

उन्हाळ्यात पुस्तक आलं. मी उभ्या उभ्या चाळलं. घोडा नव्हता, हॅना नव्हती, सुवर्णाही नव्हती. दोन वर्षांत तिचं तेवढं एकच म्हणणं त्यांनी बिनतक्रार ऐकलं होतं.