नंदाची ऑटोमॅटिक शेगडी

नंदा लग्न होऊन कोपरला आली ती शेगडी घेऊनच. त्र्याण्णव साल असेल. कल्याणला तिच्या भावाचं भांड्यांचं दुकान होतं, त्यानं हौसेनं बहिणीला ऑटोमॅटिक शेगडी दिली. बटण दाबून फिरवायचं, टक्‌ आवाज झाला की बर्नर पेटला. काडी नको, लायटर नको. चाळीतल्या बायका ती बघायला जात होत्या, मीही गेले. मी त्याच चाळीत भाडेकरू, बालवाडी चालवायचे. माझ्या खोलीची आणि नंदाच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती, तेव्हा सांगतेय ते काही ऐकीव नाही.

चाळ नंदाच्या सासूची, सगुणामावशीची. खाडीवरची जुनी कोळीण. नवरा दामाजी घरात असून नसल्यासारखा. मावशीनं मासळी विकून मुलगा वाढवला, चाळ उभी केली. बाई कष्टाची, हे मी कशाला नाकारू? पण फार कष्ट केलेल्या माणसाला कधीकधी वाटायला लागतं की आपलं चुकूच शकत नाही. मावशीला ते फारच वाटायचं.

पहाटे आंघोळ करून ती शेगडीची पूजा करायची, आधी चुलीची करायची तशीच. पाणी शिंपडायचं, ओल्या हळदीची बोटं ओढायची, वर कुंकू. चुलीच्या मातीवर बोटं कुठंही उमटली तरी चालायचं. शेगडीला मात्र बर्नरशेजारी एक बारीक पिन असते, तिच्यातून ठिणगी उडते. मावशी नेमकी तिथंच हळद लावायची. "जिथून अग्नी येतो त्याला पयला मान," म्हणायची. पूजा झाली की सुनेनं पहिला जाळ करायचा, ही त्या घरची रीत.

नंदा बटण फिरवायची. टक्‌. काही नाही. टक्‌ टक्‌ टक्‌. मला भिंतीपलीकडं ऐकू यायचं आणि माझाच जीव खालीवर व्हायचा. शेवटी बिचारी काडी ओढायची. संध्याकाळी तीच शेगडी मावशीच्या हातात पहिल्या फटक्याला पेटायची. झालं! मावशीला दुसरा पुरावा नकोच होता.

"हिचे हाताला अग्नी लागत नाय," ती नळावर सगळ्यांना सांगायला लागली. "माझे घरान लक्ष्मी रुसली."

त्यात महिपतच्या, म्हणजे नंदाच्या नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलं. कंपनी मालकानं बंद केली, पण दोष आला नंदाच्या पायावर. पांढऱ्या पायाची म्हणे! नंदा बोलायची कमी, राबायची जास्त. मासळी साफ करावी तर तिनंच, चाळीचा संडास धुवावा तर तिनंच. बोलणारीला लोक भांडखोर म्हणतात आणि न बोलणारीला गुन्हेगार, हे मी त्या घरात बघितलं. एके दिवशी महिपत तिला कल्याणला माहेरी सोडून आला. "थोडे दिवस ऱ्हाऊ दे," असं मावशी म्हणाली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, न्यायला कोणी गेलं नाही.

आता पहिला जाळ मावशीच करायची. आणि शेगडी तिच्याही हातून पेटेना. टक्‌ टक्‌ टक्‌. मी पलीकडून ऐकत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. "जाताना काय तरी करून जेली," मावशी म्हणाली. पण दोष सुनेला दिला तरी चहा व्हायला हवा ना! शेवटी तिनं ठाकुर्लीच्या कुंडलिकला बोलावणं धाडलं. हा कुंडलिक घरोघर फिरून शेगड्या दुरुस्त करायचा. भल्या सकाळीच आला. मावशीची पूजा नुकतीच आटोपली होती. मीही आत जाऊन उभी राहिले.

त्यानं काडी लावून बघितली, बर्नर छान निळा पेटला. "गॅस बरोबर येतोय, मावशी." बटण फिरवलं, टक्‌ झालं. "आतला लायटरपण चालू आहे." मग दार लोटून, अंधार करून त्यानं पुन्हा बटण फिरवलं. पिनेच्या टोकाशी काहीच नाही. खाली हळदीच्या ओल्या लगद्यातून मात्र एक बारीक निळी रेघ पत्र्यात पळाली.

"ही बघा. ठिणगी बर्नरला जातच नाही, ओल्यातून पत्र्यात उतरते. दुपारपर्यंत सुकलं की मग पेटत असेल." त्यानं कोरडं फडकं मागितलं. मावशी देईना. कुंकू पुसायचं कसं? मग त्यानं आपल्याच रुमालानं पिन आणि तिच्याखालची पांढरी चिनीमाती पुसली. टक्‌. पेटली.

"हळदकुंकू लावायचं तर पुढं पत्र्याला लावा. इथं नको. बाकी शेगडीला काही झालेलं नाही," म्हणून तो पिशवी उचलून गेला.

मला राहवलं नाही. "मावशी, आता तरी नंदाला आणा."

"आनू? म्हंजे गावानं बोलावं, सगुणाचं चुकलं?" तिनं शेगडीकडं बघितलंसुद्धा नाही. "महिपतला दुसरी पोर बघितलेय आमी. तुमी भाडेकरू, तुमी नका मधी पडू."

महिपत बाहेर ओट्यावर बसून होता. सगळं ऐकलं त्यानं.

मला इतका संताप आला की त्याच रविवारी मी कल्याणला गेले. नंदा भावाच्या दुकानात परातींवरची धूळ पुसत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. पिन, हळद, ठिणगी, कुंडलिक. वाटलं, रडेल, निदान सुटल्यासारखं हसेल. तिनं परात खाली ठेवली.

"मला ठाऊक होतं, ताई."

"काय?"

"एकदा पदरानं पुसून बघितलेलं. लगेच पेटली. आईंनी बघितलं. सवाशीण असून कुंकू पुसतेस, माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस, म्हणून गालात मारली. मग परत कशी पुसणार?"

"अगं, मग महिपतला सांगायचंस! त्याला तरी कळलं असतं."

"त्यांना काय सांगायचं? तिथंच पाटावर बसलेले. मी पुसलं, शेगडी पेटली, मला मार पडला, सगळं समोरच झालं." तिनं फडकं झटकलं. "मी वाट बघितली, काहीतरी बोलतील. तर म्हणाले, पेटलीय तर चहा टाक. आणि मी टाकला."