वालाच्या मडक्यातली आई

नातू घरचे फोटो सीडीवर उतरवून तीन ठिकाणी जपून ठेवतो. इकडे मोड आलेल्या वालांचा वास आला, की मी पंचाहत्तर वर्षं मागे जाते, आठ वर्षांची होते.

आई वारली तेव्हा तिचा एकच फोटो मागे उरला, महाडला काढलेला. पोलादपूरच्या पावसात त्याला बुरशी धरू लागली. बियाण्याचे वाल आत्या मडक्यात राखेत ठेवायची, म्हणजे कीड लागत नसे. मग मी दीडशहाणीने फोटोही त्याच मडक्यात पुरला.

दिवाळीनंतर पेरणीसाठी मडकं उघडलं. राखेला ओल सुटली होती. फोटोत लुगडं होतं, हात होते, चेहरा तेवढा नव्हता.

"गो भवाने, आयशीचं तोंड कुठं गेलं?" आत्या किंचाळली.

"वालांत गेलं आसंल."

आत्याने हातातले वाल पटकन मडक्यात टाकले. पण बियाणं दुसरं नव्हतं, तेच पेरलं.

आठवड्याने मातीतून वाकलेल्या मानांचे कोंब वर आले. मी खुळी बांधावरून हाका मारत सुटले, "आये! आये!" वारा नव्हता, तरी सगळ्या माना हलल्या.

त्या खुळीला मी आता पोटभर हसते. पण वाल सोलताना प्रत्येक साल अजून हळूच काढते, आतून कोणी बघत असलं तर?