कंपाउंडची पंचायत

आमच्या कंपाउंडमध्ये पंचायत सुरू केली ती एका इंग्लिश बाईंनी. पंचायत हा शब्द माझा. त्या कौन्सिल म्हणायच्या. इंग्लंडमध्ये त्यांचं एक लहानसं गाव होतं आणि तिथल्या कौन्सिलवर त्या बरीच वर्षं होत्या, शेवटी शेवटी तर अध्यक्षच. नवरा सांडपाण्याच्या लाइनींचा सल्लागार. निवृत्तीच्या वयाला त्याला दोह्याचं काम आलं, तसं दोघांनी घराला कुलूप लावलं आणि इकडे आली. दोह्याला लागून असलेल्या अल रय्यान भागात, आमच्या अगदी समोरच्या व्हिलात ती दोघं राहायची.

आम्ही नाशिकचे. नवरा रेल्वेच्या एका प्रोजेक्टवर डिझाइनमध्ये, मुलगी चौथीत, आणि मी घरी. नाशिकला मी कॉलेजात शिकवत होते, ते इथे आल्यावर सुटलं. कंपाउंड म्हणजे एका भिंतीच्या आत दहाबारा एकसारखी घरं, मध्ये कितीही पाणी घातलं तरी पिवळीच राहणारी हिरवळ, आणि गेटवर वॉचमनची खोली. गेटसमोर रस्ता. रस्त्यापलीकडे ग्रोसरी, लाँड्री, केरळी हॉटेल आणि बसचा थांबा. पायी जाण्यासारखं जे काही होतं ते सगळं पलीकडे होतं.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती, पण देश आधीच उकरून ठेवलेला होता. आपल्या दारातही खणणार हे आम्हाला कळत होतं, कधी ते माहीत नव्हतं. एका सकाळी बघतो तर गेटसमोरचा रस्ता रुंद करायला घेतलेला, आणि दुभाजकातल्या ज्या फटीतून आम्ही पलीकडे जायचो ती लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या बॅरिअरनं बंद. गाडी असेल त्यानं लांब जाऊन यू-टर्न घ्यायचा. पायी असेल त्यानं काय करायचं, ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं. शाळेची बसही आत यायची थांबली. वळायला जागा नाही, मुलांना पलीकडे आणून उभं करा, असं ड्रायव्हरनं सांगितलं. मग आम्ही आया एका हातात दप्तर, एका हातात मुलाचं मनगट अशा बॅरिअरवरून चढून, पाण्याच्या टँकरांमधून पळत पलीकडे जाऊ लागलो.

त्याच आठवड्यात बाई आमच्या दारात आल्या. आखूड पांढरे केस, उन्हानं लाल झालेले दंड, पायात चालण्याचे बूट.

"शुक्रवारी सकाळी माझ्याकडे सभा आहे," त्या म्हणाल्या. "विषय एकच, रस्ता. येशील का?"

"मॅनेजरला एक फोन केला तर नाही का चालणार?"

"फोन एका माणसाचा असतो. सभेचं तसं नसतं."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "इथे सभा? अगं, आपण भाडेकरू आहोत. तेही कंपनीच्या व्हिसावरचे."

"बघून तर येते."

"जा. केक चांगला देतील."

केक खरोखर चांगला होता. प्रत्येक घरून एकेक खुर्ची आणली होती. इजिप्तचे एक गणिताचे मास्तर आले, पाकिस्तानी अकाउंटंट आणि त्यांची बायको आली, फिलिपिनो जोडपं आलं, आणि कोपऱ्यातल्या घरात वरची खोली घेऊन राहणारी केरळची एक नर्स आली. बाईंनी चष्मा लावला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "मागच्या सभेचा वृत्तांत. मागची सभा झालेली नाही, त्यामुळे हा विषय सोडू." मास्तर मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही.

मला सोसायटीच्या वार्षिक सभा माहीत होत्या. तिथे पार्किंगवरून आवाज चढतात आणि शेवटी वेफर्स खाऊन सगळे घरी जातात. इथे एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं. नर्सची पाळी आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "माझी ड्युटी मगरिबच्या, दिवेलागणीच्या सुमाराला सुटते. हॉस्पिटलची बस मला पलीकडे सोडते. मला पुलाची वगैरे गरज नाही. एक दिवा मिळाला तरी पुरे. ड्रायव्हरला मी दिसायला हवी."

तीन मागण्या ठरल्या: पायी जायला वाट, तिथे दिवा, आणि शाळेची बस परत आत. हात वर करून मतं घेतली. मी हात वर केला तेव्हा मला एकदम लाज वाटली, आणि बरंही वाटलं. इथे येऊन इतके महिने झाले होते, पण माझं मत कोणी मागितलं नव्हतं.

मग मी बाईंकडे जाऊ लागले. दुपारी चहा प्यायचो आणि त्या गावाच्या गोष्टी सांगायच्या. बसथांब्याचं छप्पर, मैदानात घाण करणारे कुत्रे, एका म्हाताऱ्याचं कुंपण वाढून वळणावरची पाटी झाकली गेली त्यावरून झालेलं भांडण. एका बाकाला हिरवा रंग द्यायचा की तपकिरी यावर त्यांच्या दोन सभा गेल्या होत्या.

"आणि तुम्हाला कंटाळा नाही आला?"

"खूप आला. पण बाक रंगवला गेला ना."

त्यांचा जीव गावात होता. नवऱ्याला पगार हवा होता, कारण इंग्लंडमधली पेन्शन पुरणार नव्हती. बाई त्याच्याबरोबर आल्या होत्या एवढंच. मला ते ओळखीचं होतं. त्या दुपारी आम्ही दोघी नवऱ्यांच्या मागे आलेल्या बायका होतो, बाकी काही नाही.

मागण्या घेऊन आम्ही दोघी आधी कंपाउंडच्या मॅनेजरकडे गेलो. तो लेबनॉनचा होता, गोड बोलणारा. त्यानं आम्हाला बसवलं, कॉफी मागवली, मागण्या वाचल्या आणि म्हणाला, "इन्शाल्ला, मॅडम."

"इन्शाल्ला म्हणजे साधारण कधी?" बाईंनी विचारलं.

"इन्शाल्ला म्हणजे इन्शाल्ला."

तिथून आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो. काउंटरवरचा तरुण अतिशय सभ्य होता. पायी वाटेसाठी अर्ज जागेच्या मालकानं करायचा, भाडेकरूंचा अर्ज घ्यायची सोयच नाही, असं त्यानं दोनदा समजावून सांगितलं. मालक कोण ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मग रस्त्याच्या ठेकेदाराचं साइट ऑफिस राहिलं. तिथे पत्र्याच्या केबिनमध्ये एक इंजिनिअर बसला होता. तो साताऱ्याकडचा निघाला. माझं आडनाव ऐकून तो मराठीत बोलायला लागला तेव्हा मला वाटलं, झालं काम.

"ताई, ड्रॉइंगमध्ये फुटपाथ आहे, सिग्नलही आहे. पण ते सगळं शेवटच्या टप्प्यात."

"आणि तोवर?"

"तोवर इथून कोणी पायी जातं असं धरलेलंच नाही."

"पण आम्ही जातो. तुमच्यासमोर जातो."

"मला दिसतं ओ. मी काय करू सांगा? मी एक वाट मोकळी ठेवली तर सेफ्टीवाले मलाच काढतील. मीही इथे नोकरीच करतोय."

बाई आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे शाळेसमोरचं क्रॉसिंग मिळायलाही फार वर्षं लागली. पुढच्या सभेत बघू."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला होता. वर्षं लागली तरी मिळतं, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना त्या गावात मरेपर्यंत राहायचं होतं. आपला करार दोन वर्षांचा आहे." मुलगी जेवता जेवता म्हणाली, "मम्मा, कॅन वुई जस्ट मूव्ह?" मी दोघांवर चिडले.

उन्हाळा सुरू झाला. सभांना माणसं कमी यायला लागली. फिलिपिनो जोडप्यानं सेकंडहँड गाडी घेतली, त्यांचा प्रश्न सुटला. शाळेला सुट्टी लागून बायका-मुलं गावी गेली. आम्ही थांबलो होतो, कारण नवऱ्याला रजा नव्हती.

सुट्टी संपायच्या सुमाराला नर्सला टँकरनं उडवलं. मगरिबची अजान नुकतीच होऊन गेली होती. मी स्वयंपाकघरात होते आणि आवाज मला ऐकू आला. पण दिवसभर रस्त्यावरून असले आवाज यायचे, म्हणून मी पोळ्या करत राहिले. वॉचमन धावत आला तेव्हा कळलं. बाई माझ्या आधी गेटबाहेर पोहोचल्या होत्या. बॅरिअरच्या पलीकडे खडीत ती पडली होती आणि मोबाइलवरून कुणाला तरी मल्याळममध्ये सांगत होती की मी ठीक आहे. ती ठीक नव्हती. मांडीचं आणि कमरेचं हाड मोडलं होतं. टँकरचा ड्रायव्हर, एक पोरसवदा पठाण, फुटपाथ व्हायचा होता त्या जागी उकिडवा बसून रडत होता. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिल्या. मी बाजूला नुसती उभी होते. काय करायचं ते मला सुचलंच नाही.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डात उभं राहून करायचं काम तिला आता जमणार नव्हतं, आणि काम नाही तर व्हिसा नाही. व्हीलचेअरवरून विमानात बसवून तिला घरी पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तर ती बाईंना म्हणाली, "सॉरी मॅडम, मला पुढच्या सभेला येता येणार नाही." ती खरंच तसं म्हणाली, चेष्टेनं नाही.

पुढच्या सभेला बाई, त्यांचा नवरा, मी आणि गणिताचे मास्तर एवढेच होतो. मोठं काही करायला हवं असं बाईंचं म्हणणं होतं. सगळ्यांच्या सह्यांनिशी दूतावासांना, वर्तमानपत्रांना कळवायचं. मास्तर बराच वेळ बोटांनी खुर्चीचा हात चाचपत राहिले.

"माझं नाव कुठे येऊ देऊ नका," ते शेवटी म्हणाले. "मला तीन मुलं आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नवऱ्याला विचारते." विचारायची गरज नव्हती, उत्तर मला माहीत होतं. त्यांनाही कळलं असावं. त्यांनी मान हलवली आणि सभा संपली असं जाहीर केलं.

थंडी सुरू झाली तेव्हा घरं रिकामी करायची नोटीस आली. मी मॅनेजरकडे गेले. या वेळी त्यानं कॉफी मागवली नाही.

"जागा रस्त्यात गेली, मॅडम. खलास. मालकाला पैसे मिळालेत."

"हे कधी ठरलं?"

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"आम्ही तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही दोघी इतक्या मनापासून बोलत होता," तो म्हणाला. "मला सांगवेना."

म्हणजे ज्या कंपाउंडसाठी आम्ही वाट मागत होतो ते पहिल्या सभेच्या आधीच गेलेलं होतं. हे मी बाईंना सांगायला गेले तर त्या खोकी भरत होत्या. त्यांच्या नवऱ्याचं काम कंपनीनं आटोपतं घेतलं होतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, एक बशी कागदात गुंडाळली आणि म्हणाल्या, "मग आपण सगळं बरोबरच केलं होतं." असं का म्हणाल्या ते मी विचारलं नाही. मला वाटतं त्यांना दुसरं काही म्हणायला उरलं नव्हतं.

आम्ही ओल्ड एअरपोर्ट भागात एका फ्लॅटमध्ये गेलो. शाळा जवळ, इंडियन शेजार, खाली ग्रोसरी. मुलगी खूश झाली. अल रय्यानचा तो रस्ता पुढे पूर्ण झाला. एकदा आम्ही तिथून गेलो तेव्हा नवऱ्यानं गाडी हळू केली. रुंद फुटपाथ, ओळीनं झाडं, उंच दिवे, बटण दाबायचा सिग्नल. कंपाउंड नव्हतं, ग्रोसरी आणि केरळी हॉटेलही नव्हतं. पलीकडे जायला कोणी नव्हतं. मुलीनं मागच्या सीटवरून विचारलं, "वॉज इट हिअर?" नवरा म्हणाला, साधारण इथेच.

बाईंना मी अधूनमधून फोन करायचे. त्यांचा नवरा इंग्लंडला परत गेल्यावर वर्षभरातच वारला. गावची बस बंद झाली होती आणि कौन्सिलच्या सभेला पुरेशी माणसं जमेनाशी झाली होती. कौन्सिलवर परत या म्हणून त्यांना विचारलं होतं.

"मग जाता की नाही?"

"नाही गं. गेले तर मला आधीच कळतं की यातून काही होणार नाही. आणि बाकीचे आशेनं माझ्या तोंडाकडे बघत बसतात."

मी त्यांना समजावण्यासारखं काही शोधत होते. तेवढ्यात त्यांनी तुमच्याकडे आता हवा कशी आहे असं विचारलं, आणि मी हवेबद्दल बोलू लागले.